काटा खोटा की वाट खोटी?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने निघाले, की सुमारे पंधरा किलोमीटरांवर सिलतरा लागते. एकेकाळचे हे साधे खेडे. आज ते छत्तीसगडातील लोखंडाच्या उद्योगाचे एक मोठे ठाणे झाले आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, पोलाद वितळवणारे कारखाने, सळया लाटणाऱ्या गिरण्या आणि या सर्वांना खनिज व कोळसा पुरवणाऱ्या मालमोटारींची न संपणारी रांग, असे तेथील दृश्य आहे. काळी धूळ झाडांच्या पानांवर बसते, घरांच्या गच्च्यांवर बसते आणि मोटारींच्या अंगात शिरून बसते. माझ्या नोकरीची बरीच वर्षे तेथील एका कारखान्याच्या विद्युत विभागात गेली. आज मी जी गोष्ट सांगणार आहे, ती मात्र कारखान्यातील नाही. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या एका मोटारीची आहे.

ही मोटार चालवणारा तरुण गोंदियाकडचा. रायपुरात स्थायिक झालेला आणि पाळी बदलताना कारखान्यातील मंडळींची ने-आण करणारा. गाडी त्याचीच होती आणि तिच्यावर कर्जही त्याचेच होते. पावसाळ्यातील एका संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसून घरी निघालो. पुढे मालमोटारींचा खोळंबा झाला होता. दिवे लागलेले, पाऊस पुसणारा वायपर चालू आणि काचेवरची वाफ जावी म्हणून ब्लोअरही चालू. एवढ्यात समोरच्या फळीवरचे सर्व काटे एकदम शून्यावर कोसळले. क्षणभर अंधार झाला, मग लाल-पिवळे सूचनादिवे सगळे एकाच वेळी पेटले आणि काटे पुन्हा आपापल्या जागी चढले. इंजिन मात्र जणू काही घडलेच नाही अशा रीतीने चालू होते.

मी त्याच्याकडे पाहिले. तो हसून म्हणाला, "काका, घाबरू नका. हे रोजचंच आहे. बॅटरी नवी टाकली, तरी तेच. मग मीटर नवा बसवला, आठ दिवस बरा चालला, पुन्हा तेच. आता मी त्याच्याकडे बघतच नाही."

"आणि भाऊ, इंजिन तापल्याचा काटा वर गेला तर?"

"तोही जातो कधी कधी. पण ज्याचा भरवसाच नाही, त्याचं ऐकायचं कशाला?"

श्रोतेहो, त्याच्या या शेवटच्या वाक्याने मला खरी भीती वाटली. मीटर बिघडणे ही गैरसोय आहे; पण मीटरवरचा विश्वास उडणे हा धोका आहे. तेलाचा दाब उतरला, इंजिन तापले, विद्युतनिर्मिती थांबली, या तिन्ही गोष्टी चालकाला सांगणारा दुसरा कोणी गाडीत नसतो. तेव्हा हा साक्षीदार खरोखर खोटा आहे की त्याला बोलताच येऊ नये अशी त्याची अवस्था कोणी केली आहे, याचा शोध घेणे अगत्याचे होते. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तो घेतला.

हा शोध समजण्यासाठी प्रथम मीटर म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. चालक मंडळी ज्या संपूर्ण फळीला 'मीटर' म्हणतात, तिच्यात वेग, इंधन, उष्णता इत्यादी दाखवणारे काटे आणि सूचनादिवे असतात. यांतील एकही काटा स्वतः काही पाहत नाही. इंधन किती आहे हे टाकीतील तरंगता गोळा पाहतो, उष्णता इंजिनातील एक संवेदक पाहतो; मीटर केवळ त्यांचे निरोप आपल्या डोळ्यांना समजेल अशा भाषेत सांगतो. तो दुभाषी आहे. आणि कोणत्याही दुभाष्याप्रमाणे त्यालाही पोटाला लागते. त्याचे अन्न म्हणजे वीज.

साठ वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश धाटणीच्या अनेक गाड्यांत हा काटा दोन धातूंच्या जोडपट्टीवर बसवलेला असे. पट्टीभोवती बारीक तार गुंडाळलेली असे. तारेतून वीज गेली की पट्टी तापे, वाके आणि काटा सावकाश सरके. विजेचा दाब कमीजास्त झाला तर काटाही कमीजास्त सरकणार, म्हणून या मीटरांना दहा व्होल्टांचा एकसारखा दाब देणारी एक छोटी डबी फळीमागे बसवीत. त्या डबीचा गाडीच्या अंगाशी असलेला जोड सैल झाला, की इंधन आणि उष्णता दाखवणारे दोन्ही काटे एकदम वर चढत. जुन्या कारागिरांनी यावरून एक साधा नियम काढला होता. दोन साक्षीदार एकाच वेळी, एकाच दिशेने चुकू लागले, तर दोष त्या दोघांचा नसतो. दोघांना जे समाईक आहे त्याचा असतो. हा नियम आजही तितकाच खरा आहे.

आजच्या मीटरात जोडपट्टी नाही. तेथे एक लहानसा संगणक असतो. गाडीच्या बारा व्होल्टांतून तो आपल्यासाठी पाच व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाब तयार करून घेतो. काटे हलवण्यासाठी नखाएवढ्या मोटारी असतात. निरोप येतात ते एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांवरून. या पद्धतीला 'कॅन' म्हणतात. जर्मनीतील बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली. इंजिनाचा नियंत्रक, ब्रेकचा नियंत्रक आणि मीटर हे सर्व या दोन तारांवर आपापसांत बोलत असतात.

आता या लहान संगणकाला मिळणारा दाब फार उतरला तर काय होते? चुकीचा हिशेब करण्यापेक्षा थांबणे बरे, अशी त्याची रचनाच केलेली असते. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की तो स्वतःला बंद करतो आणि दाब परत आला की नव्याने जागा होतो. जागा होताना, किल्ली फिरवल्यावर करतो तशीच सर्व दिव्यांची तपासणी करतो. म्हणजे काटे कोसळणे, सगळे दिवे पेटणे आणि काटे पुन्हा चढणे ही जी लीला आम्ही रस्त्यात पाहिली, ती वेडेपणाची नव्हती. ती मूर्च्छेची होती. मूर्च्छा आलेल्या माणसाला बदलून त्या जागी दुसरा उभा करणे हा काही उपचार नव्हे. त्याला उपाशी कोण ठेवतो, हे पाहायला हवे.

येथे विजेच्या दाबाविषयी एक गोष्ट नीट समजून घेऊ. आपल्या घरच्या नळाची तोटी बंद असताना नळीत पाण्याचा पूर्ण दाब असतो. नळी मध्येच गंजून बुजत आली असली, तरी तोटी बंद असेपर्यंत ते कळत नाही. तोटी उघडली आणि पाणी वाहू लागले, की मग धार बारीक येते आणि नळी कोठेतरी अडली आहे हे ध्यानात येते. विजेचेही असेच आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम सांगतो, की वाटेत जितका रोध असेल आणि त्यातून जितका प्रवाह वाहत असेल, त्या दोहोंच्या गुणाकाराइतका दाब वाटेतच खर्च होतो. प्रवाह नसेल तर खर्चही नाही. म्हणून गाडी निवांत उभी असताना, दिवे बंद ठेवून केलेले मोजमाप रोग्याची नाडी तो झोपलेला असताना पाहण्यासारखे आहे. गाडीला जे काम करताना त्रास होतो, तेच काम तिला करायला लावून मोजले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. मोटारीत वीज जाण्यासाठी तांब्याची तार असते. पण परत येण्यासाठी बहुधा गाडीचे पोलादी अंगच वापरतात. बॅटरीचे ऋण टोक एका जाड पट्ट्याने या अंगाला आणि इंजिनाला जोडलेले असते. कारागीर याला 'अर्थ' म्हणतात. जाणाऱ्या वाटेवर सर्वांचे लक्ष असते, कारण तेथे फ्यूज असतो, स्विच असतो. परतीची वाट कोणी पाहत नाही. जी वीज गेली ती सगळी परत यावी लागते, हे आपण विसरतो.

आता रविवारच्या तपासणीकडे येऊ. हत्यारे दोनच होती, एक साधा मल्टिमीटर आणि एक कागद-पेन्सिल.

पहिले काम बॅटरीचे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांत सुमारे १२.६ व्होल्ट भरले, तर ती पूर्ण भरलेली समजावी. १२.२ च्या आसपास ती अर्धी असते, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना दाब उतरतोच. पण तो साडेनऊ व्होल्टांच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर वीज पुरवू लागतो आणि दाब साधारणपणे पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्टांपर्यंत चढतो. मालमोटारीत बारा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणून तेथे हे आकडे दुप्पट धरावे. आमच्या गाडीत हे सर्व आकडे निर्दोष निघाले. दिवे, वायपर, ब्लोअर सर्व लावले आणि इंजिन मंद गतीने चालू ठेवले, तेव्हा बॅटरीपाशी १२.८ व्होल्ट होते. त्या परिस्थितीत हे ठीकच. म्हणजे कोठारात धान्य होते.

दुसरे काम जाणाऱ्या वाटेचे. मीटरच्या मागचा कपलर न काढता, वीज आणणाऱ्या तारेपाशी मल्टिमीटरचे एक टोक लावले आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवले. अशा मोजमापात जो आकडा येतो, तो वाटेत हरवलेला दाब असतो. फ्यूज, किल्लीचा स्विच आणि सारे जोड धरून तो अर्ध्या व्होल्टाच्या आत असावा. आमच्याकडे तो ०.२ आला. ही वाटही स्वच्छ.

तिसरे काम परतीच्या वाटेचे. मल्टिमीटरचे एक टोक मीटरच्या अर्थच्या तारेपाशी आणि दुसरे थेट बॅटरीच्या ऋण टोकावर. येथे आकडा एकदशांश, फार तर दोनदशांश व्होल्ट असावा. सर्व दिवे बंद असताना तो जवळजवळ शून्य होता, आणि येथेच पुष्कळ लोक फसतात. मी त्या तरुणाला दिवे लावायला सांगितले. आकडा एकच्या जवळ गेला. वायपर आणि ब्लोअर लावला. आकडा अडीच व्होल्टांवर गेला. त्याच वेळी रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झाला आणि मीटरचे काटे धाडकन कोसळले!

तो तरुण माझ्याकडे बघतच राहिला. मी कागदावर हिशेब मांडला. दिवे, वायपर, ब्लोअर मिळून ढोबळ मानाने पंचवीस अँपिअर प्रवाह. त्यावर अडीच व्होल्ट हरवतात, म्हणजे परतीच्या वाटेत एकदशांश ओहमचा रोध आहे. हा आकडा दिसायला क्षुल्लक. पण पंखा सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. तीस अँपिअरांची भर पडली तर पंचावन्न झाले, आणि साडेपाच व्होल्ट वाटेतच गडप झाले. जाणाऱ्या वाटेचे नाव सोडले, तरी १२.८ मधून साडेपाच गेले म्हणजे मीटरच्या पदरात सातच्या थोडे वर उरतात. तेवढ्यावर तो जागा राहणार कसा? हा क्षणिक उतार साध्या मल्टिमीटरला नीट पकडता येत नाही. ज्यात सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवण्याची सोय असते, तो येथे कामास येतो.

आता या प्रकारातील खरे मर्म पाहा. रेडिएटरचा पंखा केव्हा सुरू होतो? इंजिन तापले म्हणजे. म्हणजे ज्या क्षणी उष्णतेच्या काट्याकडे पाहायची खरी गरज, नेमक्या त्याच क्षणी मीटर मूर्च्छित पडत होता. आणि एवढ्यावरच हे थांबत नव्हते. पंख्याची वीजही त्याच बुजलेल्या वाटेने परत येत होती. त्यामुळे त्यालाही पुरा दाब मिळत नव्हता आणि तो मंद फिरत होता. मंद पंख्यामुळे खोळंब्यात इंजिन खरोखरच अधिक तापत होते. जो काटा वर जातो म्हणून त्या तरुणाने त्याला खोटा ठरवले होते, तो काटा खरे बोलत होता.

दोष सापडायला मग पाच मिनिटेही लागली नाहीत. वाट लांब असली, की तिचे दोन भाग करून मोजावे. ज्या भागात दाब हरवतो त्याचे पुन्हा दोन भाग करावे. बॅटरीखालच्या तसराळ्याजवळ ऋण टोकाचा पट्टा गाडीच्या अंगाला जेथे बोल्टने आवळला होता, तेथेच जवळजवळ सगळा दाब हरवत होता. बोल्टाला हात लावला तर तो चांगलाच गरम. बाहेरून तो साबूत दिसत होता. उघडून पाहिले, तर थिंबलखाली तांबूस गंज, हिरवट क्षार आणि त्यात रुतून बसलेली सिलतऱ्याची काळी धूळ. पावसाळ्यात ही धूळ ओलावा धरून ठेवते, बॅटरीच्या आम्लाची वाफ त्यात मिसळते आणि जोड आतल्या आत कुरतडला जातो.

आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले. मग गंजलेली जागा पॉलिशपेपरने घासून पोलाद उजळवले, नवे थिंबल दाबून बसवले, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलिनचा हात दिला. पुन्हा सर्व दिवे, वायपर, ब्लोअर आणि पंखा लावून मोजले. हरवणारा दाब ०.०५ व्होल्ट! पंख्याचा आवाजच बदलला. काटे आपल्या जागी स्थिर राहिले.

मग तो नवा मीटर बसवण्याचा सल्ला कोणी व का दिला असेल? त्यामागेही एक समजण्यासारखी चूक आहे. कार्यशाळेत गाडीला स्कॅनर जोडतात. त्याने यू ०१५५ हा सांकेतिक क्रमांक दाखवला होता. त्याचा अर्थ 'मीटरशी संपर्क तुटला' एवढाच. इंजिनाच्या नियंत्रकाला मीटरचे बोलणे ऐकू आले नाही, ही त्याची तक्रार. पण जो बोलला नाही तो बिघडला आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. गाडीतील सर्वच दाब कमी पडला तर पी ०५६२ हा वेगळा क्रमांक येतो. येथे तो आला नाही, कारण इंजिनाच्या नियंत्रकाची परतीची वाट निराळी होती आणि त्याला दाब पुरेसा मिळत होता. स्कॅनर तक्रार नोंदवतो, निवाडा देत नाही. निवाड्यासाठी मल्टिमीटर हातात घ्यावाच लागतो. निरोपांच्या तारांचा संशय असेल, तर बॅटरी सोडवून त्या दोन तारांमधील रोध मोजावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे एकेक रोधक असल्यामुळे तो साठच्या आसपास भरला पाहिजे.

मीटर अकारण बदलण्यात केवळ पैशाचा नाश नाही. गाडी किती किलोमीटर चालली याची नोंद मीटरच्या स्मृतीत असते. भंगारातला मीटर आणून बसवला, तर गाडीच्या कपाळी दुसऱ्याच गाडीचे वय लागते आणि पुढे ती विकत घेणारा नकळत फसतो. काही गाड्यांत चोरीप्रतिबंधक किल्लीची ओळखही मीटरशी बांधलेली असते. मीटर बदलला की गाडी सुरूच होत नाही.

दोन जुन्या सवयींविषयी सावध करतो. डायनॅमोच्या काळात इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टोक काढून पाहण्याची रीत होती. गाडी बंद पडली नाही म्हणजे डायनॅमो चांगला! आजच्या अल्टरनेटरच्या गाडीत असे केले, तर दाब एका क्षणात कित्येक पटींनी उसळतो आणि मीटरसकट सर्व नियंत्रकांचा बळी जाऊ शकतो. दुसरी सवय दिसेल त्या तारेला बल्बचा टेस्ट लॅम्प लावण्याची. वीज पुरवणाऱ्या जाड तारेवर तो उपयोगी आहे, कारण तो प्रवाह ओढून जोडाची परीक्षा घेतो. पण निरोपांच्या नाजूक तारांवर तोच घातक ठरतो.

श्रोतेहो, प्रत्येक मोटारमालकाने विद्युततज्ज्ञ व्हावे असे मला म्हणायचे नाही. पण कारागिरापुढे उभे राहून तीन प्रश्न विचारणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. सर्व दिवे लावून मोजलेत काय? परतीची वाट मोजलीत काय? बिघडलेल्या गोष्टींमध्ये समाईक काय आहे, ते पाहिलेत काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत नव्या मीटरसाठी पैसे काढू नयेत. आपली गाडी सांगताना तिची लक्षणेही नीट सांगावीत. दिवसा होते की रात्री, पावसात की उन्हात, काय लावले असता होते आणि काय बंद केले की थांबते, याची चार ओळींची नोंद कारागिराचे अर्धे काम हलके करते.

त्या दिवशी काम आटोपल्यावर तो तरुण हात पुसत म्हणाला, "काका, म्हणजे माझा जुना मीटर चांगलाच होता." मी म्हटले, "होता." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग गाडीत बसला, किल्ली फिरवली आणि निघण्यापूर्वी उष्णतेच्या काट्याकडे नीट निरखून पाहिले. कित्येक महिन्यांनी तो त्या काट्याकडे पाहत होता.